लेझर मशीनवर शिरोरेषा तिरपी येऊन राहिली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात घरीच लहानसं काम करतो. १० वॅटचं डायोड लेझर आहे, लाइटबर्न सॉफ्टवेअरवरून चालवतो. तान्हा पोळा जवळ आला की लाकडी नंदीखालच्या पाटीवर पोरांची नावं कोरायच्या ऑर्डरी येतात. यंदा प्रत्येक नाव तिरपं! इंग्रजी अक्षरांत कदाचित खपलं असतं, पण आपली शिरोरेषा सगळं उघडं पाडते. २०० मिमीच्या पाटीवर डावीकडून उजवीकडे रेषा ३ मिमी चढते.

पाटी बेडच्या पट्टीला टेकवूनच ठेवतो. स्पीड मिनिटाला ३००० वरून १५०० मिमी केला, बेल्ट ताणले, फाइल दुसऱ्या लॅपटॉपवरून पाठवली. काहीच फरक नाही. शेजारचे सुतारकाका एक नजर टाकून म्हणाले, "बाप्पा, मशीन गुण्यात नाही." म्हणजे काटकोनात नाही. आता फ्रेमला गुण्या कुठं लावू?

उत्तर : काका बरोबर असू शकतात, पण आधी खात्री करा. पुठ्ठ्यावर २०० मिमीचा चौकोन कोरा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८३च्या आसपास आले तर मशीन ठीक, पाटी किंवा टेकवायची पट्टीच तिरपी. कर्णांत फरक आला तर गॅन्ट्री, म्हणजे लेझर ज्यावर सरकतो तो आडवा पूल, तिरपी. आणखी एक, शिरोरेषा सरळ चढते की मध्येच पायरीसारखी तुटते? तुटत असेल तर मोटर स्टेप सोडते, म्हणजे मध्येच पाऊल चुकते, ते दुखणं वेगळं.

पुन्हा मी : सरळ चढते, पायरी नाही. कर्ण एक २८५, दुसरा २८१ ला जरा कमी. म्हणजे काकांना चहा पाजावा लागतो.

उत्तर : पाजाच. तुमच्या मशीनला वाय दिशेसाठी, म्हणजे गॅन्ट्री पुढे-मागे न्यायला, एकच मोटर आणि आडव्या दांड्यानं दोन्ही बेल्ट फिरतात ना? मग एका बाजूच्या पुलीचा ग्रब स्क्रू, म्हणजे तिला दांड्यावर पकडणारा छोटा स्क्रू, ढिला झाला असेल. वीज बंद करून प्लगही काढा. एका पुलीचा स्क्रू एलन कीनं सैल करा आणि गॅन्ट्री हळूहळू पुढे आणा, दोन्ही टोकं फ्रेमला टेकेपर्यंत. जोरात ढकलू नका, हातानं फिरवलेली मोटर वीज तयार करते आणि ती बोर्डात जाते. टोकं टेकलेली असतानाच स्क्रू आवळा, तो दांड्याच्या चपट्या बाजूवर बसला पाहिजे. फ्रेमच वाकडी असेल तर मात्र आधी तिचे कोपरे गुण्यानं तपासा, नाहीतर वाकड्याला टेकवून वाकडंच मिळेल.

पुन्हा मी : झालं! उजव्या पुलीचा स्क्रू बोटानं फिरत होता. आता दोन्ही कर्ण २८३, डोळ्याला फरक दिसत नाही. बेल्ट ताणताना मी पुलीकडे पाहिलंच नव्हतं. पण आधीच्या ११ पाट्या वाया गेल्या. पॉलिश पेपरनं घासून नावं जातील काहो?

उत्तर : खोल जळालं असेल तर घासून लाकूड खालवर होईल. नंदीच्या पाटीला चाकं अजून लावली नसतील तर पाटी उलटी करून मागच्या बाजूला कोरा.

पुन्हा मी : चाकं उद्या लागणार होती. वाचलो.