हॅलोविन: जुने परतले म्हणून जमलं, की कुणाला काढलं नाही म्हणून?

रंकाळा_पश्चिम
परवा पावसात वीज गेली, मग हेडफोन घालून हॅलोविन या जर्मन बँडचा २०२१ चा अल्बम सलग ऐकला (अल्बमचं नावही तेच). कोल्हापुरात पॉवर मेटल ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, म्हणून इथंच विषय काढतो.

नवख्यांसाठी: १९८४ ची ही हॅम्बुर्गची मंडळी. सुरुवातीला गिटारवाला काय हान्सनच गायचा. (पोस्टरवरचं नाव आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "काय? नीट सांग की.") मग अठरा वर्षांचा मिखाएल किस्के आला. १९८७ आणि ८८ मध्ये 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चे दोन भाग निघाले आणि पॉवर मेटलचा साचाच तयार झाला: पळता डबल बास ड्रम, जोडीनं धावणाऱ्या दोन गिटारी, वर तार सप्तकातला स्वच्छ आवाज. १९८९ ला हान्सननं बाहेर पडून गामा रे हा बँड काढला. १९९३ ला किस्के आणि ड्रमर इंगो श्विश्टेनबर्ग, दोघांनाही नारळ मिळाला. इंगो १९९५ ला गेला, आत्महत्या केली त्यानं. पुढची वीसेक वर्षं अँडी डेरिस गायला. २०१७ च्या दौऱ्यात किस्के आणि हान्सन परतले, पण डेरिसला आणि गिटारवाल्या साशा गेर्स्टनरला कुणी हलवलं नाही. सात जण झाले.

माझं म्हणणं एवढंच, की बँड फॉर्मात आला तो या न हलवण्यामुळं. नुसता किस्के आणला असता तर जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा झाला असता. शेवटचं 'स्कायफॉल' ऐका, हान्सनचं आहे, बारा मिनिटांचं. तिघं गातात आणि तिघांना वेगळं काम आहे. किस्केच्या उंच ओळीनंतर डेरिस खरखरीत आवाजात खाली येतो, तेव्हा गाण्याला जमीन सापडते.

तालमीतला
भावा, फॉर्मात परत यायला आधी फॉर्म जावा लागतो. तो गेला होता कधी?

१९९१ आणि ९३ चे दोन अल्बम फसले, मान्य. ते दोन्ही किस्केच्याच काळातले, हे मात्र कुणी बोलत नाही. १९९४ ला डेरिस त्याचा पिंक क्रीम ६९ बँड सोडून आला आणि त्याच वर्षी 'मास्टर ऑफ द रिंग्ज' दिला. खरं पुनरागमन ते. त्यानंतर २०१५ पर्यंत गडी राबला. किस्के तेव्हा मेटलचं नाव काढलं तरी नाक मुरडायचा. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ पडत्या काळात जो खेळतो त्याला आम्ही विसरत नाही. तुमचं म्हणजे फायनलला आलेल्याच्याच गळ्यात हार.

रंकाळा_पश्चिम
अरे, डेरिसला ठेवलं म्हणून जमलं असंच लिहिलंय की मी! वाच तरी.

तालमीतला
'ठेवलं' म्हणतोस तिथंच गोम आहे. घर त्याचं होतं. त्यानं यांना घेतलं.

साधं_वरण
घर गिटारवाल्या वायकाथचं आणि बासवाल्या ग्रोसकोफचं. १९८४ पासून न सोडलेले दोघंच. चालू द्या.

देवल_मागची_रांग
मी मेटलवाली नाही. मुलगा ऐकतो, त्यामुळं भिंतीपलीकडून सगळं पाठ झालंय. 'मूळ आवाज तोच खरा' या हट्टाबद्दल बोलते. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज अतिगाण्यानं बसला होता. परतला तो पूर्वीसारखा नव्हता, म्हणून त्यांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली आणि तीच पुढं आपल्या कोल्हापूर दरबारात गाजली. तुमच्या डेरिसनं किस्केची गाणी किस्केसारखी म्हणायचा प्रयत्न केला की चिरकायचा. स्वतःची म्हणायचा तेव्हा बरा वाटायचा. भिंतीपलीकडूनसुद्धा कळतं ते.

तालमीतला
काकू, चिरकायचा हे जरा जास्तच झालं. पण मुद्दा बरोबर आहे.

नाद_नको
मला २०२१ चा अल्बम आवडत नाही, कुणीतरी बोलायला हवं. लग्नाच्या पंगतीत सगळे पाहुणे वाढायला उठतात, तसं झालंय. तीन गायक, तीन गिटारवाले, प्रत्येकाला आपापला डाव भाताच्या ढिगात घालायचाय. आणि 'स्कायफॉल'चं कौतुक करताना हेही सांगा, की पहिल्या 'कीपर'मध्येही हान्सनचंच तेरा मिनिटांचं गाणं होतं. जुन्या मापानं नवा सदरा शिवलाय. जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला म्हणून चांगला म्हणायचा का? लोकांनी आठवणी विकत घेतल्या. २०२५ चा 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स' मला जास्त मोकळा वाटला, कारण तोवर सातजणांचं अप्रूप ओसरलं होतं.

उद्यमनगर_लेथ
गायकांवरच भांडताय, ड्रमबद्दल कोणी बोलेना. २०२१ च्या अल्बमसाठी आताच्या ड्रमरनं, डॅनी ल्योब्लेनं, इंगोचा जुना ड्रमसेट वापरलाय. मी हलगी वाजवतो. कातडं बदलता येतं, कडं बदललं की हलगीच वेगळी. आमच्या घरातलं कडं आजोबांचं आहे. शेकून ताणल्यावर त्याचा जो टणत्कार निघतो तो नव्यातून निघत नाही, कितीही शेका. हे माहीत नव्हतं तेव्हा अल्बम दोनदा ऐकला होता. कळल्यावर शिफ्ट संपवून कारखान्याच्या दारातच गाडीवर बसून परत लावला. गाणारे तिघं आहेत, पण इंगोची जागा त्यांनी अशी भरली.

नाद_नको
हे माहीत नव्हतं.
तरी पंगतीचं मत कायम.

रंकाळा_पश्चिम
लेथ, मीही आता परत लावतो. तालमीतल्या, १९९४ चा मुद्दा अर्धा मान्य. 'मास्टर ऑफ द रिंग्ज' मी तेव्हा किस्के नाही म्हणून ऐकलाच नव्हता. कॅसेट मित्राला तशीच परत केली होती.

तालमीतला
तो मित्र मीच होतो. पुढची बाजू गुंडाळलेलीसुद्धा नव्हती.