अंगणातल्या हरळीसाठी इथे बनलेलं गवत कापायचं मशीन कोणतं घ्यावं?

गुहागरची_वाडी: घरापुढे साधारण २ गुंठे हरळी आहे. जमीन सपाट, मधे चार माड, कडेने जांभ्याचा गडगा. पावसाळ्यात आठवड्याला चार बोटं वाढते. बजेट १०,०००, मशीन भारतात बनलेलं हवं. रान काढायचं नाही, फक्त हिरवळ कापायची आहे.

दापोली_कलमवाला: ४ स्ट्रोकचा ब्रश कटर घ्या (लांब दांड्याच्या टोकाला पातं किंवा नायलॉनची दोरी फिरते ते मशीन), ३५ सीसी. थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ देत, बागेलाही कामाला येतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही. इंजिनात १०डब्ल्यू-३० ऑइल घाला, पहिल्या १० तासांनी बदला, पुढे दर ५० तासांनी. माझा त्यावरच चालतोय.

चिपळूणकर७: २ स्ट्रोक हलका पडतो, उतारावर तोच बरा. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण मात्र मापानेच करा. पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने कमी ओतलं की पिस्टन जाम. दुसरं, हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल आपल्या दमट हवेत पाणी ओढतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवा. नाहीतर कार्बोरेटरचा पडदा कडक होतो, मशीन सुरू होतं पण रेस दिली की मरतं.

आगर_आणि_माड: अहो, त्यांनी हिरवळ म्हटलंय! ब्रश कटरने हरळी एकसारखी कापली जात नाही, पायऱ्या पडतात. त्याहून वाईट म्हणजे नायलॉनची दोरी माडाच्या बुंध्याला लागते. आंब्याची साल भरून येते, माडाची जखम कधीच भरत नाही, आणि सोंड्या भुंगा अशाच जखमेत अंडी घालतो. बुंध्याभोवती हातभर जागा कोयतीनेच साफ करा, मशीन कुठलंही असो. तुम्हाला विजेवरचं रोटरी (चाकांवर ढकलायचं, कवचाखाली आडवं पातं फिरणारं) पुरेल, साधारण दीड किलोवॉटचं. वायर तीन तारांची, २.५ चौरस मिमी, आणि बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. खालचं कवच पत्र्याचं नको, खाऱ्या हवेत गंजून भोकं पडतात. एबीएस प्लास्टिकचं बघा.

मालवणी_गाबीत: पावसात लाईट रवता खंय? आणि भिजलेल्या गवतात वायर ओढतलात? ४ स्ट्रोकच घ्या.

कातळ_सडा: 'भारतीय' नावावर जाऊ नका. खोक्यावर 'कंट्री ऑफ ओरिजिन' छापलेलं असतं, ते वाचा. नाव इथलं आणि मशीन बाहेरचं असं पुष्कळदा निघतं. सातबारा नावावर असेल तर ब्रश कटरच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर चौकशी करा. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल अनुदानाला चालत नाही.

दापोली_कलमवाला: तेच म्हणतोय, ब्रश कटर.

गुहागरची_वाडी: सगळ्यांचे आभार. बुंध्याचं कळलं, तेवढी जागा कोयतीने करीन. लुधियान्याच्या फाल्कनसारख्या कंपन्यांची हाताने ढकलायची, गोल पात्यांची मशीन कशी असतात?

चिपळूणकर७: नको. गवत वाढलं की पाती त्याला नुसती झोपवतात, तुरे तसेच उभे. एक खडा अडकला की पात्याला दात पडतात.

आगर_आणि_माड: दोन्ही खरं. पण दर चार-पाच दिवसांनी कापलं आणि आधी झावळ्या, गळलेले नारळ, गडग्याचे खडे वेचले तर त्याच्याइतकी सुंदर हिरवळ कुणीच करत नाही. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, हरळी पिवळी पडते.

गुहागरची_वाडी: मग तेच घेतो, १४ इंची. २ गुंठ्यांना जेमतेम पाऊण किलोमीटर चालणं होतं. ना पेट्रोल, ना वायर.

मालवणी_गाबीत: जुलैत सलग आठ दिवस पाऊस लागलो की कळतला.

आगर_आणि_माड: तेवढे आठ दिवस वाढलं तर आधी विळ्याने वरचं काढा, मग मशीन. आणल्यावर पहिलं काम हे: वर्तमानपत्राची पट्टी फिरत्या पात्याच्या आणि खालच्या आडव्या पट्टीच्या मधे धरा, रीळ (गोल पात्यांचा फिरता भाग) हाताने हळू फिरवा, बोटं लांब ठेवून. डावीकडे, मधे, उजवीकडे, तिन्ही ठिकाणी कागद कात्रीसारखा कापला पाहिजे. दुमडला तर त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आवळा. रीळ घासून जड फिरलं तर पाव फेरा सैल करा. काम झाल्यावर गवत झटकून पात्यांवर ऑइलचं फडकं फिरवा, रोज. आपल्याकडे एका रात्रीत तांबूस होतात.