चढाची शहरं आणि उघड्या छताची बस: सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

आपलं सोलापूर सपाट. रेल्वेचा पूल आणि भुईकोटाचे बुरूज सोडले तर चढ म्हणावा असा चढ नाही, आणि समुद्र तर रात्रभर गाडीत बसल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे डोंगर आणि समुद्र एकाच गावात भेटले की आपण भांबावतो. आता घरटी एखादं मूल बाहेरदेशी आहे. आईवडील दोन-तीन महिने राहायला जातात, मुलांना रजा नसते, मग ती उघड्या छताच्या दुमजली बसचं दिवसभराचं तिकीट हातात ठेवतात. हवं तिथं उतरा, मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा बसा.

या बसला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. "बसून शहर कळतं होय?" असं विचारतात. माझं मत ठाम उलट आहे. चढाच्या शहरात खालून चालताना पुढची टेकडी तेवढी दिसते. शहराची ठेवण, म्हणजे कुठली वस्ती उंचावर, कुठली पाण्याला लागून, रस्ता कुठं वळतो आणि का, हे बसच्या वरच्या मजल्यावरून एका फेरीत उमगतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी तर हा सगळ्यात मानाचा मार्ग आहे.

आपण काय पाहिलं, कुठं उतरलात, काय सोबत न्यावं, सगळं लिहा. "छान होतं" एवढ्यावर थांबू नका.

सुरुवात मी करते. सॅन फ्रान्सिस्को. मुलगी तिथून तासाभरावर राहते. जुलैत गेलो होतो. आपल्याकडे उन्हाळा संपलेला आणि तिथं भर उन्हाळ्यात लोक जाकिटं घालून फिरत होते. कारण समजून घेतलं. आतल्या खोऱ्यात जमीन तापते, गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत ओढली जाते. तिथला समुद्रप्रवाह थंड, त्यामुळे त्या हवेतली वाफ धुकं होऊन गोल्डन गेटच्या खिंडीतून शहरात शिरते. आत जितकं ऊन कडक तितकं शहरात धुकं दाट. बेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाला हे डोळ्यांनी बघणं फार मोठी गोष्ट वाटते. बस फिशरमन्स व्हार्फला उन्हात उभी होती आणि गोल्डन गेट पुलाकडे वळली तशी समोर धुक्याची पांढरी भिंत. पुलाचे मनोरे २२७ मीटर उंच, त्यांची टोकं तेवढी धुक्याच्या वर तरंगत होती. १९३७ साली पूल खुला झाला. नौदलाला काळे-पिवळे पट्टे हवे होते, पण वास्तुरचनाकार आयर्विंग मॉरो यांनी शेंदरी छटेचा आग्रह धरला. धुक्यात दुसरा कुठला रंग असा दिसला असता असं मला वाटत नाही.

वरच्या मजल्यावर पुलावरचा वारा कानात घुसतो. सोलापुरी चादर घेऊन गेले होते, दुहेरी करून दोघांनी पांघरली. शेजारच्या बाईंनी हात लावून बघितली आणि कुठं मिळते विचारलं. कानाला लावायच्या यंत्रात दहा-बारा भाषा होत्या, मराठी नव्हती. म्हणून मुलीनं आदल्या रात्री थांब्यागणिक दोन-दोन ओळी मराठीत लिहून दिल्या होत्या. हे सगळ्यांनी करावं. यांना इंग्रजी नीट समजतं, तरी तो कागद त्यांनी दिवसभर हातातून सोडला नाही.

साखर पेठ, यंत्रमागवाले

ताई, तुम्ही केबल कारबद्दल लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. सगळ्यात उभ्या चढांवर मोठ्या बसला मनाई आहे. तिथं जुनी केबल कारच चढते. बसमधून तिचे रूळ आडवे जाताना दिसतात आणि रुळांच्या मधल्या फटीतून सतत घरघर ऐकू येते. गाडी नसली तरी आवाज चालू. मी एका थांब्याला उतरून चालत वॉशिंग्टन आणि मेसन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या केबल कार संग्रहालयात गेलो. प्रवेशाला पैसे नाहीत. आत प्रचंड चाकं फिरत असतात आणि त्यांच्यावरून पोलादी दोर रस्त्याखाली जातो. दोर थांबत नाही, ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास एकाच वेगानं पळतो. गाडीला स्वतःचं इंजिन नाही. चालक मोठ्या चिमट्यानं दोर पकडतो तेव्हा गाडी निघते, सोडतो तेव्हा ब्रेकवर थांबते.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. तिथं एक इंजिन, छताखाली लांब फिरता दांडा, त्यावरून प्रत्येक मागाला पट्टा, असं काम चालायचं म्हणून सांगायचे. पट्टा सरकवला की माग सुरू. हीच रचना अख्ख्या शहराखाली पसरलेली बघून मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. अँड्र्यू हॅलिडी यांनी १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटच्या चढावर पहिली गाडी चालवली, आणि ते मुळात तारेचे दोर बनवणारे कारखानदार. कारागिरानं स्वतःच्या मालाचा उपयोग शोधला, याचं मला फार कौतुक वाटतं.

अशोक चौक, पूर्व भाग

परदेशच कशाला, विशाखापट्टणमला जा की! कोणार्क एक्स्प्रेस सोलापूरवरून थेट जाते, गाडी बदलायची गरज नाही. आमच्या घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे तिथं आईला परकं वाटलं नाही. फक्त तिचं तेलुगू ऐकून रिक्षावाले "कुठल्या गावच्या तुम्ही?" असं विचारायचे.

तिथं आता किनाऱ्याच्या रस्त्यानं पर्यटकांसाठी दुमजली बस सुरू झाली आहे, रामकृष्ण बीचपासून थोटलाकोंडापर्यंत. आम्ही वरच्या मजल्यावर समोरची जागा धरली. उजव्या हाताला बंगालचा उपसागर, डाव्या हाताला पूर्व घाटाच्या टेकड्या थेट रस्त्यापर्यंत उतरलेल्या. मागं वळून बघितलं की बंदराशेजारचा डॉल्फिन्स नोज दिसतो. समुद्रात घुसलेला तो डोंगर साडेतीनशे मीटरहून उंच आहे आणि त्याच्यामुळेच बंदराला आडोसा मिळतो. नौदलाचं पूर्व मुख्यालय याच शहरात का, ते तो डोंगर बघितला की वेगळं सांगावं लागत नाही.

पहिला मुक्काम कुरसुरा पाणबुडीत करा. १९६९ साली नौदलात आलेली, ७१ च्या युद्धात गस्तीवर असलेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि आता वाळूवर उभी आहे. आत इतकं चिंचोळं आहे की आई दारातूनच परतली, आणि तेच बरं झालं. ती बाहेर बाकावर समुद्र बघत बसली. शेवटी थोटलाकोंडा. टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, नौदलाच्या पाहणीत ते उजेडात आले. तिथून खाली समुद्राची अशी लांबच लांब रेघ दिसते की दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी हीच जागा का निवडली असेल, हा प्रश्नच उरत नाही. जहाजांतून येणारी माणसं त्यांना तिथून दिसत असणार.

मे महिन्यात मात्र जाऊ नका. आपलं ऊन कोरडं, तिथला घाम वाळत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण मग आपल्या सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा चुकवू नका.

होटगी रोड

आम्ही पोर्तुगालमधल्या लिस्बनला गेलो होतो. सात टेकड्यांचं शहर म्हणतात त्याला. बस मार्केस द पोंबालच्या चौकातून निघते आणि रुंद झाडीच्या रस्त्यानं पाण्याकडे उतरते. खाली उतरताना सरळ, काटकोनात आखलेल्या गल्ल्या लागतात आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर वेडीवाकडी जुनी वस्ती. हा फरक वरच्या मजल्यावरूनच ध्यानात येतो, आणि त्याचं कारण ऐकून मी सुन्न झालो. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, लोक सणासाठी चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली आणि मेणबत्त्या-चुलींनी आग लागली. खालचं शहर संपलं. राजाचे मंत्री पोंबाल यांनी ते नव्यानं आखलं. घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवला, हलला तरी कोसळू नये म्हणून. कार्मोच्या मठाला छप्पर पुन्हा घातलंच नाही. कमानी तशाच आभाळाखाली उभ्या आहेत.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी सोलापुरात काढली त्यांना किल्लारीचा धक्का आठवत असेल. आम्ही रस्त्यावर बसून उजाडायची वाट बघितली होती. त्यामुळे मला त्या लाकडी पिंजऱ्यांत जेवढा रस वाटला तेवढा राजवाड्यात वाटला नाही.

बेलेमला उतरा. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची समाधी आहे. ज्या किनाऱ्यावरून १४९७ मध्ये त्याची जहाजं निघाली, तिथूनच पुढं गोवा, वसई, आपला सगळा किनारा बदलला. मी नमस्कार केला नाही. चिमाजी अप्पांची आठवण काढून बाहेर आलो.

आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत मोठी बस शिरत नाही, तिथं २८ नंबरची ट्राम घ्या. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

विजापूर रोड

दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन. थोडक्यात लिहिते. लाल बस टेबल माउंटनच्या रोपवेपाशी नेते, डोंगर १०८६ मीटर. वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून पहिल्या स्वच्छ सकाळीच वर जा, बाकी सगळं नंतर. आग्नेयेकडचा दमट वारा डोंगर चढताना गार होतो आणि माथ्यावर ढगाची चादर पसरते. पलीकडे उतरताना हवा तापते आणि ढग हवेतच विरून जातो. त्याला ते टेबलक्लॉथ म्हणतात. खाली कॅम्प्स बेकडे उतरणारा रस्ता तर डोळ्यांचं पारणं फेडतो.

पण डिस्ट्रिक्ट सिक्सच्या संग्रहालयात उतरल्याशिवाय फेरी पूर्ण करू नका. १९६६ मध्ये ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढं साठ हजारांवर माणसं हलवली गेली. समुद्र आणि डोंगर दोन्ही दिसणारी जागा होती ती. उंचावरची, सुंदर दिसणारी जागा कोणाकडे जाते, ते बसमधून बघत असताना हे मनात ठेवा.

बाळे

मी परदेशी गेलेलो नाही. मुंबईची उघड्या छताची नीलांबरी बस मात्र बघितली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो, दिवस नातेवाइकांकडे, संध्याकाळी पोरांना घेऊन वर बसलो. गेटवे, राजाबाई टॉवर, टाउन हॉलच्या पायऱ्या, मरीन ड्राइव्हचा वळसा, आणि पलीकडे मलबार हिलचे दिवे. झाडांच्या फांद्या डोक्यावरून जायच्या आणि पोरं ओरडायची. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं पैसे देऊन बांधवला, हे मार्गदर्शकानं सांगितलेलं माझ्या धाकटीच्या आजही तोंडपाठ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या जुन्या गाड्या बंद झाल्या. कमी पैशात मुंबई डोळे भरून दाखवणारी दुसरी सोय मला माहीत नाही. साध्या माणसाला तिकीट परवडेल अशीच ती पुन्हा हवी.

भवानी पेठ, सध्या कॅलिफोर्निया

ताई, सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराला माझी विनंती. उघडी बस जिथं थांबत नाही अशी एक जागा आहे, ५, वुड स्ट्रीट. गदर स्मारक, म्हणजे इंग्रजी राजवट उलथवण्यासाठी अमेरिकेतल्या भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीचं. १९१३ मध्ये गदर पत्राचा पहिला अंक याच शहरातून निघाला. या चळवळीत आपले विष्णू गणेश पिंगळे होते, तळेगाव ढमढेऱ्यांचे, अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेत आलेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. बसचा दिवस संपला की गिअरी रस्त्यानं जाणारी साधी ३८ नंबरची बस धरा. ज्या गावानं १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा हे चार हुतात्मे फासावर गमावले, त्या गावच्या माणसानं इथं दोन मिनिटं उभं राहायला हवं.

शेळगी

एक विचारायचं होतं. माझ्या वडिलांना जिना चढता येत नाही. खाली बसून काही दिसतं का? की उगाच पैसे?

जुळे सोलापूर, निवृत्त परिचारिका

दिसतं, दादा. माझे सासरे खालच्या मजल्यावरच बसले होते. बसमधला जिना अरुंद आणि वळणाचा असतो, गाडी चालू असताना वर चढू देत नाहीत, म्हणून घाई करायची नाही. खाली खिडकी मोठी, वारा लागत नाही, कानातलं सांगणं तेच. ज्या बाजूला समुद्र असेल ती बाजू चालकाला आधी विचारून घ्या. पहिली फेरी कुठंही न उतरता पूर्ण करा, वडिलांना जे आवडेल तिथं दुसऱ्या फेरीत उतरा. लघवीची सोय बसमध्ये नसते, थांब्याजवळ कुठं आहे ते आधी बघून ठेवा. औषधं, पाणी, कानटोपी जवळ असू द्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खालच्या पिशवीत. बसमध्ये खाऊ देत नाहीत, पण किनाऱ्यावरचा बाक सापडला की दुपार तिथंच होते.