पाण्यात शिरणारा लहान कॅमेरा की काठावर थांबणारा मोठा?

ओलीवाट

गेली सहा वर्षं माझ्याकडे व्यावसायिक दर्जाचा फुल फ्रेम मिररलेस आहे, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. कामाचे सगळे फोटो त्यावरच काढतो आणि त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. दीड वर्षापूर्वी त्याच्या जोडीला खिशात मावणारा वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट घेतला, ऑलिम्पस टफ टीजी-६. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, दोन मीटरवरून पडला तरी तग धरतो. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, मात्र १/२.३ इंची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. ओळखीतल्या जाणकारांनी एकमुखाने सांगितलं की हे खेळणं आहे, घेऊ नकोस.

माझी मुलगी तेव्हा पोहायला शिकत होती. मोठ्या कॅमेऱ्याने काठावरून काढलेले तिचे शेकडो फोटो आहेत. त्यांत ओले केस दिसतात, उडालेलं पाणी दिसतं, आणि चेहऱ्यावर पाण्याची तिरीप चमकते. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडले त्या दिवशी मी लहान कॅमेरा घेऊन तिच्याबरोबर पाण्यात होतो. गाल फुगलेले, नाकातून बुडबुड्यांची माळ निघालेली, आणि ती थेट माझ्याकडे बघतेय. हा फोटो काठावरून निघूच शकत नव्हता.

माझं म्हणणं असं: जिथे पाणी, चिखल किंवा वाळू आहे तिथे एकच कॅमेरा न्यायचा असेल तर वॉटरप्रूफ कॉम्पॅक्टच न्यावा. मोठा कॅमेरा बरोबर असला की निम्मं लक्ष तो जपण्यात जातं. ओढा ओलांडताना तो दोन पिशव्यांच्या आत असतो, आणि बाहेर काढेपर्यंत समोरचं सगळं होऊन गेलेलं असतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावं.

शटरगती

मुलीचा फोटो हृद्य असणार यात शंका नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी क्षेत्रफळ बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. तुमच्या कॉम्पॅक्टचा साधारण ६.२ × ४.५५ मिमी, म्हणजे २८ चौरस मिमी. तीसपट फरक! फोटोग्राफीच्या भाषेत जवळपास ५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एकाच अॅपर्चरवर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) तुमच्या आयएसओ २०० च्या (आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) फोटोत जेवढा नॉईज, म्हणजे दाणेदारपणा, येईल तेवढा माझ्याकडे ६४०० ला येतो. भर दुपारी, उघड्या तलावात, अर्धा मीटर खोलीवर कुठलाही कॅमेरा चालतो. तोच प्रसंग छताखालच्या तलावात संध्याकाळी घडला असता तर? बुडबुड्यांच्या जागी राखाडी लगदा मिळाला असता.

दुसरा मुद्दा फोकसचा. मिररलेसमध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्शन (फोकस कुठे, किती हलवायचा ते थेट मोजणारी पद्धत) असतं आणि ते डोळा ओळखून त्याच्या मागे जातं. कॉम्पॅक्ट कॉन्ट्रास्ट बघून पुढेमागे चाचपडतो. पाणी गढूळ असलं की कॉन्ट्रास्टच नसतो, मग तो चाचपडतच राहतो.

आणि पावसाचं म्हणाल तर माझी बॉडी आणि लेन्स दोन्ही वेदर सील्ड आहेत. तासन्‌तास पावसात उभा राहून काम केलंय. जपण्यात निम्मं लक्ष जातं हा तुमच्या सवयीचा भाग झाला, कॅमेऱ्याचा नव्हे.

सीलकाम

मी कॅमेरे दुरुस्त करतो, म्हणून एका शब्दावर थांबतो. "वेदर सील्ड" या शब्दामागे बहुतेक वेळा कुठलंही मोजमाप नसतं. धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण मोजणाऱ्या आयपी मानकात आकडे असतात आणि प्रत्येक आकड्याची चाचणी ठरलेली असते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ज्या थोड्या मिररलेसना असा आकडा अधिकृतपणे दिलेला आहे त्यांत ओएम-१ आहे, आयपी५३. त्यातला ३ म्हणजे वरून आणि तिरकस येणारे पाण्याचे फवारे. बाकी बऱ्याच नामांकित बॉड्यांना आकडाच नाही. शटरगतींची बॉडी पावसात टिकली हे खरं असेल, पण माझ्या टेबलावर येतात त्या न टिकलेल्या. पाणी बहुधा लेन्स बसते त्या माउंटमधून, वरच्या फ्लॅशच्या खाचेतून (हॉट शू) नाहीतर नीट न बसलेल्या रबरी झाकणातून गेलेलं असतं. खारं पाणी असेल तर दोन दिवसांत सर्किटवर हिरवट थर चढतो आणि मग करण्यासारखं फार काही उरत नाही.

ओलीवाट, तुम्हीही निश्चिंत होऊ नका. तुमच्या कॅमेऱ्याचे १५ मीटर हे नव्या, स्वच्छ सीलचे आहेत. बॅटरीच्या दाराच्या रबरावर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला की १५ मीटर सोडाच, बादलीतही पाणी आत जातं. रबर वापराने दबतं आणि कडक होतं. ते वर्षातून एकदा बदलावं असं कंपनीच सांगते, पण वॉटरप्रूफ कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना हे क्वचितच माहीत असतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दार न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, बटणं दाबून त्यांच्या फटींतलं मीठ निघू द्यायचं, पूर्ण वाळवायचा आणि मगच दार उघडायचं.

खोलपाणी

मी डायव्हिंग करते आणि पाण्याखाली दोन्ही वापरलेत. माझं मत शटरगतींच्या बाजूने, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही.

पाण्याखाली पहिला शत्रू म्हणजे रंग जाणं. पाणी लाल उजेड आधी गिळतं. पाच मीटरवरच लाल रंग मळकट दिसू लागतो, पंधरावर सगळं निळं-हिरवं. तो परत आणायचा तर उजेड बरोबर न्यावा लागतो. कॉम्पॅक्टचा फ्लॅश लेन्सला चिकटलेला असतो. त्यामुळे पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. फ्लॅश दोन दांड्यांवर बाजूला न्यायचे, तिरके ठेवायचे, तर हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची वॉटरप्रूफ पेटी, हवं. आणि एवढा पसारा करायचाच असेल तर आत मोठा सेन्सर असलेला बरा, कारण रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) निळ्या थराखालचा लाल खेचून काढायला जागा मिळते.

आता हाउसिंगची दुसरी बाजू. ते एकाच बॉडीच्या मापाचं असतं. बॉडी बदलली की तेही बदला. प्रत्येक लेन्सला वेगळा पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरची काचेची खिडकी. सपाट काचेचा पोर्ट लावला तर पाण्याच्या अपवर्तनामुळे (अपवर्तनांक १.३३) लेन्सचा कोन आकसतो, २४ मिमीची लेन्स ३२ सारखी वागते. ते टाळायला घुमट पोर्ट. बुडी मारण्याआधी ओ-रिंग (सीलची रबरी कडी) पुसा, ग्रीस लावा, निर्वात पंपाने गळती तपासा. हे मी आनंदाने करते, पण मुलीबरोबर तलावात उतरताना कुणी करू नये. तिथे ओलीवाट यांनी केलं तेच बरोबर.

कीटकनाद

शटरगतींच्या तीसपट हिशेबात एक भोक आहे, आणि माझ्या कामात ते भोक फार मोठं ठरतं.

मी ओढ्याकाठचे किडे, बेडकांची अंडी, शेवाळ्यावरचे थेंब टिपते. इतक्या जवळून अडचण उजेडाआधी डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट राहतं याची, येते. फुल फ्रेमवर मॅक्रो लेन्स लावून अॅपर्चर एफ/२.८ ठेवलं (आकडा लहान तेवढं भोक मोठं) तर चतुराच्या डोळ्याचा काठ स्पष्ट येतो आणि डोक्याचा उरलेला भाग धुक्यात जातो. म्हणून सगळे एफ/११, एफ/१६ वर जातात. आता कॉम्पॅक्टचा क्रॉप फॅक्टर (फुल फ्रेमचा कर्ण त्याच्या किती पट) बघा, साधारण ५.६. त्याच्या एफ/२ ला जेवढी डेप्थ मिळते तेवढी फुल फ्रेमला एफ/११ ला. म्हणजे मी एफ/२, आयएसओ १०० वर फोटो काढतेय आणि तुम्ही तीच डेप्थ, तोच शटर स्पीड धरून एफ/११, आयएसओ ३२०० वर. दोन्ही सेन्सरवर पडलेला एकूण उजेड सारखाच! तुमचे पाच स्टॉप तिथेच खर्च झाले.

खोलपाणी यांना विचारा, घुमट पोर्टमागे कडा स्पष्ट हव्या असतील तर त्या कोणत्या अॅपर्चरवर काम करतात.

शिवाय टीजी-६ चा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून १ सेंटीमीटरवर फोकस करतो. तो पाण्यात अर्धा बुडवून दगडाखाली सरकवता येतो. मॅक्रो लेन्स लावलेला मिररलेस त्या फटीत मावणारच नाही. कॅमेऱ्यातच फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) होतं, आणि फ्लॅशचा उजेड लेन्सभोवती गोल पसरवणारी एक कडी मिळते, ती लावली की जवळच्या विषयावर सावली पडत नाही. एवढं सगळं तळहाताएवढ्या वस्तूत.

खोलपाणी

एफ/८ च्या खाली जात नाही, शक्यतो ११. हो, हे मान्य.

शटरगती

हिशेब बरोबर आहे. मी एकाच अॅपर्चरची तुलना केली आणि तुम्ही एकाच डेप्थची. जवळच्या विषयाला तुमची तुलना योग्य, हे मान्य करतो.

पण दोन गोष्टी सुटल्या. पहिली, मला एफ/११ वर जायचं की नाही हे मी ठरवतो. मागचा पसारा धूसर करून एकच चेहरा वेगळा काढायचा असेल तर मी एफ/१.८ लावीन, तुमच्याकडे तो रस्ताच नाही. दुसरी, फ्लॅश भरपूर असेल तर मी एफ/११ ला आयएसओ १०० वर काम करीन. त्या वेळी माझ्या सेन्सरमध्ये तुमच्यापेक्षा तीसपट उजेड साठतो आणि सावलीतला तपशील, रंगांच्या छटा यांत तो दिसतो. डिफ्रॅक्शनचंही बोला, म्हणजे लहान भोकातून जाताना उजेड पसरतो त्याचं. झूम पूर्ण ताणला की तुमची लेन्स एफ/४.९ ची होते, म्हणजे फुल फ्रेमवर एफ/२७. तिथे बारकावा मऊ होणारच. टीजी-४ मधले १६ मेगापिक्सेल टीजी-५ मध्ये १२ वर आणले गेले, ते उगाच नव्हे.

निळीछटा

वाचून प्रश्न पडला. मोठा सेन्सर असलेला, मुळातच वॉटरप्रूफ कॅमेरा कुणी का बनवत नाही? मग हा वादच मिटेल.

खोलपाणी

बनवलेत, निळीछटा. किंबहुना सुरुवातच तिथून झाली. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्या प्रेरणेने कॅलिप्सो नावाचा पाण्यात चालणारा कॅमेरा तयार झाला आणि १९६३ मध्ये निकॉनने तो निकोनॉस म्हणून आणला. ३५ मिमी फिल्म, म्हणजे आजच्या फुल फ्रेमएवढीच चौकट, आणि वेगळं हाउसिंग नको. बहुतेक मॉडेलांत अंतर डोळ्यांनी अंदाजून लेन्सवर लावायचं. पाण्यात वस्तू पाव अंतराने जवळ भासते, त्याचाही हिशेब मनात ठेवायचा. ही मालिका २००१ पर्यंत चालली.

डिजिटलमध्ये निकॉननेच २०१३ मध्ये एडब्ल्यू१ काढला. लेन्स बदलता येणारा, १५ मीटर चालणारा मिररलेस, पण सेन्सर एक इंची. ती अख्खी मालिकाच पुढे बंद झाली. २०१६ मध्ये लायकाचा एक्स-यू आला, एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमहून लहान, एक इंचीहून मोठा), १५ मीटर, झूम मात्र नाही. अडचण तीच: पाण्याच्या दाबाखाली लेन्स बाहेर येऊन चालत नाही. १० मीटरला दाब दुप्पट होतो. म्हणून झूम बॉडीच्या आतच हलावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरला पुरेल असा आतल्या आत हलणारा झूम खिशात मावत नाही.

निळीछटा

म्हणजे सेन्सर लहान ठेवला म्हणूनच तो खिशात मावतो. हे मी कधी अशा बाजूने पाहिलं नव्हतं. धन्यवाद.

ओलीवाट

सगळं दोनदा वाचलं. शटरगतींच्या छताखालच्या तलावाच्या मुद्द्यावर मला उत्तर नव्हतं, म्हणून शनिवारी संध्याकाळी मुद्दाम तशाच तलावात दोन तास घालवले. निकाल लिहितो.

ट्यूबलाइटच्या उजेडात, झूम न करता एफ/२ वर आयएसओ ८०० ते १६०० गेला. हातभर अंतरावरचा चेहरा छान आला. दोन मीटरवरून पोहत जाणारं कुणीही ओळखू येत नाही. पोत गेला, केसांचा एक गोळा झाला. फोकसही चुकला, दहातले चार फोटो गेले. इथे मी हरलो. थोडा झूम केल्यावर लेन्सचं अॅपर्चर लहान होत जातं आणि अवस्था आणखी वाईट होते, म्हणून झूमला हात न लावता जवळ जाणं हाच उपाय दिसला.

मग काठावर येऊन मोठ्या कॅमेऱ्याने तिचं सूर मारणं टिपलं. सेकंदाला वीस फोटो, प्रत्येकात डोळ्यावर फोकस. त्याला तोड नाही.

तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही, फक्त नेमकं करतो. माझ्या मूळ लेखात "पाणी, चिखल, वाळू" होतं. त्यात "हातभर अंतर" एवढं जोडा. त्या अंतरात मी आजही लहान कॅमेराच नेईन, कारण मुलगी पाण्यात जिथे असते तिथे मला असायचंय.

शटरगती

एवढं नेमकं केल्यावर माझा विरोध बराच कमी झाला. पण दहातले चार गेले म्हणजे चार प्रसंग गेले, हे मी धरून ठेवणार. ते फोटो जेपेगमध्ये काढले की रॉमध्ये? कॉम्पॅक्टचं जेपेग नॉईज दडपताना केसच आधी पुसतं. रॉ असतील तर फाइल पाठवा, दोन मीटरवरचा एक तरी सोडवता येतो का बघतो.

ओलीवाट

जेपेग. रॉ चालू करायचं कधी सुचलंच नाही. पुढच्या शनिवारी रॉमध्ये काढून पाठवतो.

सीलकाम

शनिवारच्या आधी एक सांगा. दीड वर्ष झालं म्हणता, दाराचं रबर बदललंय का?

ओलीवाट

नाही. आत्ता भिंग घेऊन बघितलं, बिजागरीच्या बाजूला रबरावर एक बारीक चीर आहे. बदलून येईपर्यंत कॅमेरा पाण्याबाहेर.