मेजरचे ते चार दिवस: तुमच्या मनात घर करून राहिलेला क्षण सांगा

पुरुषांच्या गोल्फमधल्या मेजर, म्हणजे सगळ्यांत मोठ्या स्पर्धा, वर्षातून चारच. एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन, जुलैत द ओपन. प्रत्येकीचे ४ दिवस, ७२ होल. या दिवसांत मी दुसरं काही ठरवत नाही. तुम्हीही त्यातलेच असाल तर लिहा. कोण जिंकलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही तेव्हा कुठे होतात, काय पाहिलंत, आजही काय आठवतं, ते हवं आहे.

सुरुवात मीच करते. २००९ ची ओपन, टर्नबेरी. टॉम वॉटसन ५९ वर्षांचा, खुबा बदलून वर्षही झालेलं नव्हतं. शेवटच्या होलवर पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) मिळाला की सहावी ओपन त्याची. आठ नंबरच्या आयर्नने मारलेला दुसरा फटका हवेत इतका सरळ होता की मी खुर्चीतून उठले. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या गवतावर, टप्पा खाऊन पुढे पळाला, आता थांबेल, आता थांबेल म्हणेपर्यंत मागच्या बाजूने खाली गेला. तिथून पार वाचवायचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) हुकला, बरोबरी झाली. चार होलांच्या प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. सिंकने शेवटच्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली होती, म्हणजे विजय त्याच्या हक्काचाच. पण त्या दिवशी मला त्याच्यासाठी आनंद होऊ शकला नाही. अजूनही होत नाही.

*

मी २०१९ च्या ओपनला रॉयल पोर्टरशला होतो. १९५१ नंतर पहिल्यांदाच ओपन तिथे परतली होती आणि रोरी मॅकिलरॉय म्हणजे त्या मातीतला मुलगा. गुरुवारी पहिलाच फटका डावीकडे, हद्दीबाहेर. त्या एका होलवर ८ फटके, दिवसाअखेर ७९.

पण मला सांगायचंय ते शुक्रवारचं. संध्याकाळी तो एकामागून एक बर्डी करू लागला आणि मैदानावरची माणसं जिथे होती तिथून त्याच्याकडे वळली. तेव्हा जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. कट मिळतो का, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत खेळता येतं का, एवढंच. दोरीला खेटून पाच-सहा रांगा. मला चेंडू दिसतच नव्हता. पुढच्या माणसांच्या माना वळत, त्यावरून चेंडू कुठे चाललाय ते मी ओळखत होतो. आधी फटक्याचा टणत्कार, मग क्षणभर काहीच नाही, मग ग्रीनकडून आरोळी. ६५ फटक्यांत दिवस संपवला त्याने. कट एका फटक्याने हुकला. अठराव्यावर लोक टाळ्या वाजवत राहिले आणि त्याचा चेहरा भरून आला होता. रविवारी शेन लोरी सहा फटक्यांनी जिंकला, तेही डोळे भरून पाहिलं. पण माझी ओपन म्हणजे तो शुक्रवार.

*

वरचं ‘माना वळत’ अगदी खरं. ऑगस्टाला, जिथे मास्टर्स होते, तर प्रेक्षकांना फोन आत नेताच येत नाही, त्यामुळे बातमी कानांनीच कळते. २०१९ चा रविवार. वादळाच्या अंदाजामुळे तिघातिघांचे गट सकाळीच सोडले होते. आम्ही बाराव्या होलपाशी बसलो होतो. छोटासा पार-थ्री, समोर रेज क्रीकचं पाणी. आधीच्या गटात केपका आणि पोल्टर दोघांचेही चेंडू पाण्यात. मग आघाडीवरचा मोलिनारी आला, त्याचाही चेंडू काठावरून घरंगळत पाण्यात. टायगर वूड्सने झेंड्याकडे बघितलंही नाही. डावीकडे, बंकरच्या वरून, ग्रीनच्या मधोमध. पार करून पुढे गेला. लोक ओरडले, पण मी गप्प होते. इतक्या जणांचं पाहून शहाणपण वापरणारा एकच निघाला, याचंच मला भरून आलं होतं.

नंतर हाताने चालवायच्या फलकाजवळ उभे राहिलो. जुना आकडा काढतात, चौकोन क्षणभर रिकामा राहतो. त्या रिकाम्या चौकोनाकडे शेकडो माणसं श्वास रोखून बघत असतात. त्या दिवशी टायगरला ११ वर्षांनी मेजर मिळाली. मला आठवतो तो रिकामा चौकोन.

*

माझं छोटंसं. २०१५ ची पीजीए, व्हिसलिंग स्ट्रेट्स. अनिर्बान लाहिरी वरच्या क्रमांकांत खेळत होता, पण कॅमेरा सतत जेसन डे आणि स्पीथवर. मग रात्रभर फोनवर गुणफलक ताजा करत बसलो. फटका दिसत नव्हता, नुसता आकडा बदलायचा. शेवटी पाचव्या स्थानावर बरोबरीत. २०२३ च्या ओपनला शुभंकर शर्मा आठव्या स्थानावर बरोबरीत आला, तेव्हाही तसाच बसलो होतो. आपला माणूस पडद्यावर नसताना त्याच्या मागे मागे चालत राहणं हे मला थेट बघण्याहून जास्त जवळचं वाटतं.

*

२०११ च्या मास्टर्सच्या वेळी मी शाळेत होते. बाबांनी रविवारी रात्री उठवलं, “चल, रोरी जिंकतोय, बघ.” चार फटक्यांची आघाडी होती. दहाव्या होलवर चेंडू डावीकडे, थेट केबिनींच्या मधे गेला. ८० फटक्यांवर संपला तो. बाबा टीव्ही बंद करायला उठलेच नाहीत. मी विचारलं, “आता?” ते म्हणाले, “आता पुढच्या वर्षी.”

पुढची वर्षं किती गेली, मोजा. २०२५ च्या मास्टर्सला आम्ही वेगवेगळ्या घरांत होतो, फोन चालू ठेवून. तेराव्यावर वेजने (जवळच्या फटक्याच्या काठीने) मारलेला साधा चेंडू पाण्यात गेला आणि पलीकडून बाबांचा नुसता श्वास ऐकू आला. पंधराव्यावर त्याने झाडांना वळसा घालून चेंडू ग्रीनवर आणला तेव्हा ते मोठ्याने हसले. अठराव्यावर पाच फुटांचा पट हुकला. दोघंही काही बोललो नाही. जस्टिन रोझबरोबर प्लेऑफ. पुन्हा अठरावा, या वेळी चेंडू उतारावरून मागे येत जेमतेम चार फुटांवर. पट पडला, रोरी गुडघ्यांवर कोसळला. चारही मेजर जिंकणारा सहावा खेळाडू. बाबा म्हणाले, “झोप आता.” आवाज ओला होता.

*

हे वाचून लिहावंसं वाटलं. मी एका मेजरला स्वयंसेवक होतो. दोरीबाहेर उभं राहायचं, चेंडू कुठे पडतो ते बघायचं. एका खेळाडूचा चेंडू गुडघाभर गवतात गेला. शोधायला तीनच मिनिटं मिळतात. तो, त्याचा कॅडी आणि आम्ही चौघं पायांनी गवत चाचपत होतो. तीन मिनिटं संपली. एक शब्द न बोलता तो पुन्हा टीकडे, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, निघाला, गर्दीने वाट करून दिली. कट थोडक्यात हुकला त्याचा.

शेवटचा गट गेल्यावर मी परत त्याच जागी गेलो. अर्ध्या तासाने सापडला, मी उभा होतो तिथून दोन पावलांवर. शाईने काढलेली त्याची खूण स्पष्ट होती. चेंडू अजून माझ्याकडे आहे.