शेरलॉक होम्सचे बेकर स्ट्रीटवरील बिऱ्हाड: एकाकीपणाचे प्रतीक की आपणच लादलेला अर्थ?

जुनी वाचक:
होम्सच्या कथा अलीकडे पुन्हा क्रमाने वाचल्या आणि या वेळी रहस्यांपेक्षा त्याच्या राहत्या जागेकडेच अधिक लक्ष गेले. १८९३ सालच्या ‘मसग्रेव्ह रिच्युअल’मध्ये सिगार कोळशाच्या बादलीत आहेत, तंबाखू पर्शियन सपातेच्या टोकात आहे, उत्तर न दिलेली पत्रे शेकोटीवरच्या फळीत चाकूने खोचलेली आहेत आणि भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे उमटवलेली आहेत. ‘फाइव्ह ऑरेंज पिप्स’मध्ये तर, तुझ्याखेरीज मला मित्र नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी उत्तेजन देत नाही, असे होम्स त्याचा मित्र आणि या कथांचा निवेदक डॉ. वॉटसन याला सरळ सांगतो. हे घर एकाकी आणि अस्वस्थ मनाचे प्रतीक आहे असे म्हणावे का, की आजच्या काळातला अर्थ मी त्यावर लादते आहे?

पानगळ:
आपण दिलेले पहिले उदाहरण मला फारसे पटत नाही, कारण तो परिच्छेद वॉटसनने कौतुकमिश्रित वैतागाने लिहिला आहे आणि आपणही काही फार टापटिपीचे नाही, हे तो तिथेच कबूल करतो. पसारा म्हणजे एकाकीपणा नव्हे. तसे असते तर आमच्या घरातले सगळेच एकाकी ठरतील. खरा पुरावा १८९० सालच्या ‘द साइन ऑफ फोर’च्या शेवटी आहे. वॉटसन आपले लग्न ठरल्याचे सांगतो, म्हणजेच या बिऱ्हाडातून तो आता जाणार हे निश्चित होते, आणि होम्सचा हात कोकेनच्या बाटलीकडे जातो. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या बंगाली कथांतला गुप्तहेर ब्योमकेश याच्याशी ताडून पाहा: त्याचे सत्यवतीशी लग्न होते, तरी त्याचा मित्र अजित त्यांच्याबरोबरच राहतो. कोलकात्याच्या त्या घरात लग्नाने माणूस वाढला आणि लंडनच्या या घरात लग्नानेच एक माणूस उणा झाला.

भाडेकरू:
एक साधी गोष्ट विसरू नये: हे होम्सचे घरच नाही. खोल्या मिसेस हडसन यांच्या आहेत आणि जेवणखाणही त्याच पाहतात. त्याने भरलेल्या भाड्यात ते घर विकत घेता आले असते, असे वॉटसन ‘डाइंग डिटेक्टिव्ह’मध्ये म्हणतो, तरी बेकर स्ट्रीटवर तो शेवटपर्यंत भाडेकरूच राहिला. त्यातच ‘ब्लॅक पीटर’मध्ये कळते की लंडनच्या निरनिराळ्या भागांत वेषांतर करण्यासाठी त्याची निदान पाच छोटी ठिकाणे आहेत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, दुसरे काय!

सावली:
वरच्या तिन्ही मुद्द्यांत खोलीच्या आतलेच पाहिले गेले आहे. मला वाटते, हे घर बाहेरून, रस्त्यावरून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांनी ते आपल्याला दोनदा तसे दाखवले आहे. १८९१ सालच्या ‘अ स्कँडल इन बोहेमिया’त लग्न झालेला वॉटसन रात्री तिथून जाताना वर पाहतो, तेव्हा खिडकीच्या पडद्यावर होम्सची उंच सावली दोनदा सरकून जाते, मान खाली, हात पाठीमागे. तेवढ्यावरून त्याला कळते की अमली पदार्थाची गुंगी उतरली आहे आणि नवे प्रकरण हाती आले आहे. १९०३ सालच्या ‘एम्प्टी हाऊस’मध्ये मात्र होम्स स्वतःच समोरच्या रिकाम्या घरात अंधारात उभा आहे आणि आपल्याच खिडकीतली आपली सावली पाहतो आहे. ती मेणाच्या पुतळ्याची आहे. होम्सच्या जिवावर टपलेल्या शत्रूला संशय येऊ नये म्हणून मिसेस हडसन यांना दर पंधरा मिनिटांनी तो पुतळा हलवावा लागतो, आणि स्वतःची सावली पडद्यावर पडू नये याचीही काळजी घ्यावी लागते. माणूस घरात आहे हे पटवायला नुसती आकृती पुरत नाही, ती हलावी लागते, हे होम्स पक्के जाणून आहे. अस्वस्थता ही त्या घराची ओळखच झाली आहे आणि ती ओळख कायम ठेवण्यासाठी एका बाईला पुन्हा पुन्हा गुडघ्यांवर रांगावे लागते. म्हणून एकाकीपणापेक्षा अस्वस्थता हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

जुनी वाचक:
सावलीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, आभारी आहे. मात्र एकाकीपणा मी अजून सोडत नाही. ‘लायन्स मेन’मध्ये होम्स ससेक्सच्या किनाऱ्याजवळच्या घरात मधमाश्या पाळून राहतो, सोबतीला फक्त एक जुनी घरकामवाली आहे आणि वॉटसन क्वचित शनिवार-रविवारी येतो. ती कथा होम्सला स्वतःच लिहावी लागली आहे, कारण खिडकीखाली थांबून वर पाहणारा आता कोणी नाही.