जावा आहे, पण लिबरऑफिसला दिसत नाही
जावा टाकलेली असूनही लिबरऑफिसचा डेटाबेस प्रोग्रॅम बेस 'जेआरई सापडत नाही' म्हणत असेल (जेआरई म्हणजे जावा चालवणारं सॉफ्टवेअर), तर ती काढून परत टाकण्याआधी दोन्हींचे बिट जुळतात का ते तपासा. लिबरऑफिस ६४ बिटचं आणि जावा ३२ बिटची असेल, तर टूल्स, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथली यादी रिकामीच राहते, कितीही वेळा इन्स्टॉल करा. बहुतेक वेळा गोम इथेच असते. जुळणारी जावा टाकलीत की ती यादीत निवडा आणि लिबरऑफिस पूर्ण बंद करून उघडा. तरीही दिसेना, तर लिबरऑफिसच्या यूजर प्रोफाइलमधल्या कॉन्फिग फोल्डरमधल्या 'जावासेटिंग्ज'ने (javasettings) सुरू होणाऱ्या फाइलचं नाव बदला. ती नव्याने तयार होते. मॅकवर मात्र नुसता जेआरई पुरत नाही, जेडीकेच (जावाचा डेव्हलपरांसाठीचा पूर्ण संच) लागतो. आणि लिबरऑफिसमधले फक्त रायटर (लेखनासाठी) आणि कॅल्क (स्प्रेडशीटसाठी) वापरत असाल, तर एवढा खटाटोप कशाला? त्यांचं बहुतेक काम जावाविना चालतं.